नमुन्याचे मोल आकारावर ठरत नाही

दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत सापडणाऱ्या स्फटिकांविषयी ‘जितका मोठा नमुना तितकी जास्त किंमत’ असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतील कॅव्हान्साइट हे खनिज पाहा: पांढऱ्या स्टिल्बाइट या दुसऱ्या खनिजावर बसलेला, जेमतेम सेंटिमीटरभराचा, सुईसारख्या स्फटिकांचा गर्द निळा अखंड गोळा जाणकार संग्राहकाला टोके फुटलेल्या अपोफिलाइट या खनिजाच्या भल्यामोठ्या स्फटिकापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. भिंगाखाली प्रथम टोके आणि कडा तपासाव्यात, कारण अपोफिलाइट एका दिशेने सहज दुभंगते, आणि तुटलेला स्फटिक पुन्हा चिकटवलेला असल्यास अतिनील प्रकाशात सांध्यातील चिकटद्रव्य अनेकदा वेगळे चमकते. नमुन्यासोबतची, खाणीचे नाव लिहिलेली चिठ्ठी मात्र, हे मी आग्रहाने सांगतो, कधीही हरवू देऊ नये. तिच्याविना उत्तम नमुन्याचेही अभ्यासमूल्य घटते.