एका कानाला अचानक दडा बसला? श्रवणयंत्र घेण्याआधी हे वाचा

सकाळी उठल्यावर एक कान बंद वाटतो. आत सतत घुमत राहते, स्वतःचाच आवाज पोकळ लागतो, आणि एकच गाणे दोन कानांत दोन सुरांत ऐकू येते. तरीही समोरच्याचे बोलणे बऱ्यापैकी कळते, कारण शब्द ओळखायला लागणारी व्यंजने बहुतेक वरच्या पट्टीतली असतात आणि इथे गेलेले असतात ते खर्जातले आवाज, साधारण 125 ते 500 हर्ट्झचे. म्हणूनच लोक ‘मळ असेल, सर्दी असेल’ म्हणून थांबतात. आमची कळकळीची विनंती आहे, थांबू नका.

घरी एक करून पाहा. तोंड मिटून ‘म्‌’ असा हुंकार भरा. हुंकार दडा बसलेल्या कानात मोठा वाटला तर बहुधा मळ, सर्दी असा अडथळा असतो. चांगल्या कानाकडे सरकला तर आतल्या कानाचा किंवा नसेचा संशय घ्यावा. हा घरगुती प्रयोग डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही. हुंकार कुठेही वाटला तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. सोबत तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा तोल जाणे असेल तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात.

उपचारात डॉक्टर बहुतेकदा स्टिरॉइडचा विचार करतात. ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेले बरे. पुरेसा फरक पडला नाही, तर साधारण सहा आठवड्यांपर्यंत कानाच्या पडद्यातून इंजेक्शन देण्याचा पर्याय असतो. मधुमेह, रक्तदाब असेल तर आधी सांगा. नसेवर गाठ नाही ना, हे पाहायला एमआरआय सांगितला तर घाबरू नका आणि टाळूही नका.

आता सुधारणेबद्दल. अचानक येणाऱ्या बहिरेपणात खर्जाचा प्रकार तुलनेने लवकर आणि चांगला भरून येतो. अनेकांचे ऐकणे काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत होते. श्रवणचाचणीच्या आलेखाची खाली गेलेली डावी बाजू, म्हणजे खर्जाची बाजू, वर येऊ लागते. दडा आणि घूं-घूं मात्र कधी कधी मागे रेंगाळतात, त्यामुळे नुसत्या जाणिवेवर न जाता चाचणी पुन्हा करावी: उपचार संपल्यावर एकदा आणि सहा महिन्यांच्या आत आणखी एकदा. हा त्रास पुन्हा होण्याची शक्यताही बरीच असते. दर वेळी गरगरून चक्कर येत असेल तर मेनिअरच्या आजाराची (हा आतल्या कानाचा विकार आहे) तपासणी करून घ्यावी.

आम्ही श्रवणयंत्रे विकतो, तरीही स्पष्ट सांगतो: ऐकणे रोज बदलत असताना यंत्र घेऊ नका. उपचार संपू द्या, आलेख स्थिरावू द्या. उणीव उरलीच, तर त्या आलेखाप्रमाणे यंत्र जुळवून देता येते.

चाचणीला येताना आधीचे सगळे आलेख आणा, अगदी जुनेसुद्धा. दडा कोणत्या तारखेला बसला तेही लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.