टॉम विल्स
विल्स, टॉमस वेंटवर्थ : (१९ ऑगस्ट १८३५–२ मे १८८०). ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटू आणि ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या ऑस्ट्रेलियातील स्वतंत्र नियमांच्या फुटबॉल प्रकाराच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. जन्म न्यू साउथ वेल्समधील मोलाँग्लोच्या सपाट माळावर, सध्याच्या कॅनबराजवळ. त्याचे वडील होरेशिओ मेंढपाळीवर संपन्न झालेले जमीनदार होते. १८४० च्या सुमारास हे कुटुंब सध्याच्या व्हिक्टोरियात ग्रॅम्पियन्स डोंगरांजवळ स्थायिक झाले. हा मुलूख जाबवुरुंग या आदिवासींचा. टॉम त्यांच्या मुलांत वाढला. त्यांची भाषा व गाणी त्याला येत.

१८५० मध्ये त्याला इंग्लंडमधील रग्बी शाळेत धाडण्यात आले. तेथे तो क्रिकेट संघाचा कर्णधार झाला आणि त्या शाळेचा फुटबॉलही (आजच्या रग्बीचे मूळ रूप) खेळला. १८५६ च्या अखेरीस मेलबर्नला परतल्यावर त्याची गोलंदाज म्हणून ख्याती झाली. १० जुलै १८५८ रोजी त्याने एका क्रीडासाप्ताहिकात पत्र लिहून, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग आखडू नये म्हणून फुटबॉल क्लब काढावा व नियमांसाठी समिती नेमावी, असे सुचविले. ऑगस्टमध्ये मेलबर्न ग्रामर व स्कॉच कॉलेज या शाळांत सामना झाला. विल्स व जॉन मॅकॅडम हे त्याचे पंच होते. प्रत्येक बाजूला चाळीस खेळाडू होते. खेळ तीन शनिवारी चालूनही दोन्ही बाजूंचा एकेकच गोल झाला व सामना बरोबरीत सुटला.

१७ मे १८५९ रोजी विल्स, विल्यम हॅमर्सली, जेम्स टॉम्प्सन व टॉमस स्मिथ यांनी मेलबर्न फुटबॉल क्लबचे दहा नियम तयार केले. लाथेने उडविलेला चेंडू थेट झेलणाऱ्याने ‘मार्क’ म्हटले, की त्याला विनाअडथळा लाथ मारण्याची संधी (फ्री किक) मिळे. चेंडू फेकण्यास व जमिनीवरून उचलण्यास मनाई होती. अडखळवणे, ढकलणे चाले, नडगीवर लाथ मारणे मात्र नाही. ऑफसाइडचा, म्हणजे चेंडूच्या पुढे उभ्या खेळाडूला खेळण्यास मनाई करणारा, नियम नव्हता. विल्सचा कल रग्बी शाळेच्या नियमांकडे होता; पण ते इतरांना उमगले नाहीत, असे हॅमर्सलीने पुढे आठवणीत लिहिले. या नियमांची १८६६ ची सुधारणा मुख्यतः विल्सचा आतेभाऊ हेन्री हॅरिसन याची मानली जाते. ‘खेळाचा जनक’ हा मानही दीर्घकाळ त्यालाच मिळाला. १८५८-५९ चा पुरावा पाहता तो विल्सकडे झुकतो.

खेळाच्या उगमाचा वाद याहून मोठा आहे. रॉबर्ट ब्रफ स्मिथने १८७८ मध्ये वर्णिलेल्या ‘मार्नग्रूक’ या आदिवासी खेळात पॉसम या झाडावर राहणाऱ्या लहान प्राण्याच्या कातड्याचा चेंडू लाथेने उंच उडवीत व उड्या मारून झेलीत. विल्सने लहानपणी हा खेळ पाहिला असावा, हे मत १९८० च्या दशकापासून पुढे आले. विरोधकांच्या मते त्याच्या पत्रांत याचा उल्लेख नाही, आणि १८५९ चे जवळजवळ प्रत्येक कलम इंग्लिश शाळांच्या नियमांत सापडते. या खेळाच्या व्यावसायिक लीगचीही (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) भूमिका पालटली : तिच्या २००८ च्या अधिकृत इतिहासात हा संबंध ‘मोहक दंतकथा’ ठरविला गेला, तर २०१९ मध्ये तिने मार्नग्रूकचा प्रभाव निःसंशय असल्याचे म्हटले. लेखी नियमांपुरता विरोधकांचा पक्ष सबळ वाटतो. खेळण्याच्या ढबीविषयी निर्णय देणे अवघड.

१७ ऑक्टोबर १८६१ रोजी क्वीन्सलँडमधील कलिन-ला-रिंगो या विल्स कुटुंबाच्या वस्तीवर आदिवासींच्या हल्ल्यात विल्सच्या वडिलांसह १९ वसाहतवाले ठार झाले. विल्स सामान आणण्यास गेल्याने वाचला. सूड म्हणून शेकडो आदिवासी मारले गेले असावेत. त्यात विल्सचा हात होता, असे सुचविणारा १८९५ चा एक अमेरिकी वृत्तपत्रलेख २०२१ मध्ये उजेडात आला. पण तो निनावी, ऐकीव असल्याने जपून घ्यावा लागतो. याच विल्सने पुढे आदिवासी क्रिकेट संघाला शिकविले व डिसेंबर १८६६ मध्ये मेलबर्नच्या मैदानावर त्याचे नेतृत्व केले. १८६८ च्या इंग्लंड दौऱ्यावर मात्र संघ चार्ल्स लॉरेन्सबरोबर गेला.

१८७२ मध्ये गोलंदाजी करताना हात वाकवून चेंडू फेकतो म्हणून पंचांनी त्याला नो-बॉल दिले. अखेरची वर्षे मद्यासक्तीत गेली. हायडेलबर्ग येथे त्याने भ्रमिष्टावस्थेत आत्महत्या केली. त्याच्या थडग्यावर १९८० पर्यंत शिळा नव्हती.