वायफाय एक्स्टेंडर : बिनतारी सेटिंग

घरातील राउटरचे वायफाय संकेत ग्रहण करून ते पुढच्या भागात पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या उपकरणाला वायफाय एक्स्टेंडर किंवा रिपीटर म्हणतात. त्याची राउटरशी गाठ घालून देणे आणि तो स्वतः कोणत्या नावाने, पासवर्डाने व बँडवर (वारंवारतेच्या पट्ट्यावर) संकेत देईल हे ठरवणे, म्हणजे त्याची बिनतारी सेटिंग होय.

कोकणात या उपकरणाची गरज घराच्या बांधणीतूनच येते. फायबरची तार पडवीतून आत शिरते आणि राउटर बहुधा ओटीवरच बसतो. तेथून माजघर ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत जांभ्या दगडाच्या जाड चिऱ्यांच्या दोन-तीन भिंती आडव्या येतात, आणि परसातल्या मांगरापर्यंत (घरामागच्या खोपीपर्यंत) तर रेंज पोचतच नाही. जांभा सच्छिद्र असल्याने पावसात पाणी धरतो व पाणी रेडिओ लहरी शोषून घेते, तर पडवीपुढच्या पत्र्यावरून त्या परावर्तित होतात. म्हणूनच मे महिन्यात एक्स्टेंडरसाठी निवडलेली जागा जुलैत पुन्हा तपासून पाहावी. रेंज मुळीच नसलेल्या खोलीत तो लावणे ही नेहमीची चूक आहे, कारण त्याला जे मिळत नाही ते तो पुढे देऊ शकत नाही. जेथे राउटरचा संकेत सुमारे उणे ७० डीबीएमपेक्षा (डीबीएम हे संकेताची ताकद मोजण्याचे एकक) क्षीण झालेला नाही, अशी मधली जागा योग्य ठरते.

जोडणी दोन प्रकारे होते. राउटरवरील डब्ल्यूपीएस बटण (पासवर्ड न टाकता जोडणी करून देणारे) दाबून दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरवरील तेच बटण दाबणे हा सोपा मार्ग आहे. मात्र राउटर केवळ डब्ल्यूपीए३ या वायफाय सुरक्षेच्या नव्या प्रकारावर असेल तर हा मार्ग चालत नाही. दुसऱ्या प्रकारात फोन एक्स्टेंडरच्या तात्पुरत्या नेटवर्कला जोडून, उपकरणामागच्या लेबलावर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये उघडावा लागतो. या वेळी मोबाइल डेटा बंद ठेवावा. अन्यथा या नेटवर्कवर इंटरनेट नाही असे पाहून फोन परस्पर डेटाकडे वळतो आणि सेटिंगचे पान काही केल्या उघडत नाही.

नेटवर्कचे नाव राउटरचेच ठेवल्यास फोन घरात फिरताना आपोआप जवळच्या संकेताकडे जाऊ शकतो, पण पुष्कळदा तो जुन्यालाच चिकटून राहतो. त्यामुळे मांगरासाठी निराळे नाव देणे अधिक सोयीचे. नाव ३२ बाइटांत बसावे लागते. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण, काना-मात्रा व अनुस्वारासह, ३ बाइट घेते. म्हणून ‘सावंतवाडी’ २७ बाइटांत मावते, तर ‘सावंतवाडीकर’ ३३ बाइट होऊन एका बाइटाने हुकते. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असावा आणि सुरक्षा किमान डब्ल्यूपीए२ ठेवावी.

चॅनेल, म्हणजे बँडमधील ठरावीक उपविभाग, मात्र एक्स्टेंडरवर स्वतंत्रपणे ठरत नाही. ज्या बँडवरून तो राउटरशी बोलतो त्या बँडवर त्याला राउटरचाच चॅनेल पाळावा लागतो, आणि एकाच रेडिओवर घेणे व देणे दोन्ही करायचे असल्याने वेग जवळपास निम्मा होतो. चॅनेल बदलायचा तो राउटरवर, २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ व ११ हे परस्परांवर न चढणारे चॅनेल होत. विरळ वस्तीच्या वाडीत शेजारच्या वायफायचा त्रास क्वचितच होतो, रत्नागिरी शहरातल्या इमारतींत तो हटकून होतो. दोन बँडांचे उपकरण असल्यास राउटरकडून ५ गिगाहर्ट्‌झवर घेऊन परसाकडे २.४ वर देणे हितकर, कारण कमी वारंवारतेची लहर भिंतींतून अधिक पार जाते. मांगरापर्यंत लॅन केबल नेता आली तर एक्स्टेंडर ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे केबलने घेऊन वायफायने देण्याच्या पद्धतीवर, ठेवावा. मग वेग निम्मा होत नाही आणि चॅनेलही वेगळा घेता येतो.

गणपतीत चाकरमान्यांना वाटलेला पासवर्ड, ते मुंबईला परतल्यावर, राउटरवर बदलला जातो. एक्स्टेंडरकडे जुनाच पासवर्ड राहिल्यामुळे त्याची गाठ तुटते, फोनवर रेंजच्या सर्व रेघा दिसतात आणि इंटरनेट मात्र येत नाही. अशा वेळी सेटिंगच्या पानावर नवा पासवर्ड भरावा; ते पान उघडत नसेल तर रीसेटच्या बारीक भोकात टाचणी घालून दिवे लुकलुकेपर्यंत दाबून धरावी आणि जोडणी नव्याने करावी.