‘सो’ आत, ‘हं’ बाहेर : श्वासावरच्या ध्यानाची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यांत भजनाला बसणाऱ्याला ‘सोहं’ हा शब्द नवा नाही. श्वास आत येताना ‘सो’, बाहेर जाताना ‘हं’, एवढी खूण पुष्कळांना ठाऊक असते. ही खूण आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, ते या दोन अक्षरांच्या दिशेवरून बरेचसे कळते.

श्वासावरच्या तांत्रिक ध्यानाचा सगळ्यात नेटका जुना ग्रंथ म्हणजे काश्मीरच्या शैव परंपरेतला विज्ञानभैरव, साधारण नवव्या शतकाच्या आसपासचा. देवी विचारते आणि भैरव उत्तरादाखल 112 धारणा, म्हणजे चित्त एका जागी लावण्याच्या रीती, सांगतो. त्यातली पहिलीच, 24व्या श्लोकातली, श्वासाची आहे. वर जाणारा, म्हणजे बाहेर पडणारा श्वास तो प्राण; खाली उतरणारा, म्हणजे आत येणारा तो जीव. दोघांची जिथे उत्पत्ती होते त्या दोन ठिकाणी चित्त भरून राहू द्यावे. एक ठिकाण हृदय. दुसरे द्वादशान्त, म्हणजे नाकासमोर 12 अंगुळांवर बाहेर गेलेला श्वास विरतो ती जागा. 12 अंगुळे म्हणजे आपली एक वीत. हे माप ज्याच्या त्याच्या बोटांनी घ्यायचे, फूटपट्टीने नाही. पुढचा श्लोक सांगतो की श्वास आत किंवा बाहेर वळण्याआधी क्षणभर जी पोकळी असते, तिच्यात राहावे. श्वास कोंडून धरा, असे इथे म्हटलेले नाही. तो आपोआप थबकतो तेवढ्याकडेच लक्ष द्यायचे आहे. श्वास कोंडण्याबद्दलचा पुढचा गोंधळ हा फरक विसरल्यामुळे झाला आहे.

काश्मीरचे शैव आचार्य अभिनवगुप्त (कार्यकाळ सुमारे 975 ते 1025) यांनी आपल्या तंत्रालोक या ग्रंथाच्या सहाव्या आह्निकात, म्हणजे अध्यायात, याच श्वासाला काळाचे माप केले. हृदयापासून द्वादशान्तापर्यंत 36 अंगुळे धरून त्यांनी एका श्वासात दिवस-रात्र, पक्ष, महिने आणि वर्ष बसवले.

इथे एक मोह टाळायला हवा. विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या ताम्रपटांत पहिल्या रुद्रसेन राजाला महाभैरवाचा परमभक्त म्हटले आहे, म्हणजे चौथ्या शतकातच विदर्भात भैरवाची उपासना राजघराण्यापर्यंत पोचली होती. पण देवाची भक्ती वेगळी आणि श्वासावरची धारणा वेगळी. त्या ताम्रपटांवरून इथे हे ध्यान चालत होते, असे म्हणता येत नाही.

आता अक्षरांकडे येऊ. विज्ञानभैरवाच्या शेवटाकडे येणारा श्लोक म्हणतो : सकाराने बाहेर जातो, हकाराने आत शिरतो, ‘हंस हंस’ हा मंत्र जीव सतत जपत असतो. गोरक्षनाथांच्या नावावरच्या ग्रंथांत जवळजवळ हाच श्लोक आहे, पण अक्षरे उलटी : हकाराने बाहेर, सकाराने आत. आपल्या गावातला ‘सो आत, हं बाहेर’ या दुसऱ्या पाठाशी जुळतो. खूण मुळात तंत्राची असली, तरी आपल्याकडे ती नाथांच्या हातून आली, असे मानायला हा चांगला आधार आहे. ‘हंसः हंसः’ सलग म्हणत राहिले की सकार पुढे येऊन ‘सोऽहं’ ऐकू येते. त्यामुळे हे दोन मंत्र वेगळे नाहीत.

नाथांची वाट मराठीत स्पष्ट दिसते. मुकुंदराजांच्या विवेकसिंधूतली गुरुपरंपरा आदिनाथापासून सुरू होते. त्या ग्रंथात वैन्यागंगेच्या तीरावरच्या अंबानगरीचा उल्लेख आहे. वैनगंगेकाठच्या आंभोऱ्यात त्याच परंपरेतल्या हरिनाथांची समाधी दाखवतात, म्हणून विदर्भ हा ग्रंथ आपला मानतो. अंबाजोगाईचाही दावा आहे. पुढे 1290 मध्ये ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन येते, आणि ज्ञानदेव त्याला थेट ‘नाथसंकेतींचा दंशु’, म्हणजे नाथांच्या संकेतातले मर्म, म्हणतात. घरोघरी वाचली जाणारी नवनाथ भक्तिसाराची पोथी मात्र बरीच अलीकडची, शके 1741 ची. तिच्यातून नाथांच्या कथा कळतात, साधना शिकता येत नाही.

या जपाला अजपा म्हणतात, कारण तो जपावा लागत नाही. त्याची संख्या 21,600 सांगतात आणि अनेकांना ते रोजचे लक्ष्य वाटते. ते कालमापन आहे. 6 श्वासांचे 1 पळ, 60 पळांची 1 घटी, 60 घटींची दिवस-रात्र. गुणाकार केला की 21,600 येतात. मिनिटाला 15, म्हणजे 4 सेकंदांना एक श्वास. मोजायला बसलात की श्वास हमखास बदलतो, म्हणून ध्यानात माळ घेऊ नये.

श्वास कोंडण्याला महत्त्व आले ते हठयोगात. घेरंडसंहिता या हठयोगाच्या ग्रंथात 16 मात्रा पूरक (श्वास आत घेणे), 64 कुंभक (कोंडून धरणे), 32 रेचक (बाहेर सोडणे) असे प्रमाण आहे. मात्रा एक सेकंदाची धरली तरी एका श्वासाला 112 सेकंद लागतात. नवख्याने पुस्तक वाचून हे केले की छाती भरून येते, मग तो धापा टाकतो, आणि भराभर श्वास घेतल्याने बोटांना मुंग्या येऊन चक्कर येते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याचा तो परिणाम असतो, कुंडलिनी जागी झाल्याची खूण नव्हे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्याने कुंभकाच्या वाटेला जाऊ नये.

पहिल्या धारणेचा क्रम साधा आहे. घोंगडीवर पाठ ताठ ठेवून बसावे, तोंड मिटावे, पहिली 2-3 मिनिटे श्वासाला हात लावू नये. मग बाहेर जाणाऱ्या श्वासासोबत वीतभर पुढे जावे आणि तो विरतो तिथे थांबावे. परतणारा श्वास छातीत मध्यभागी शमतो तिथे पुन्हा थांबावे. अक्षरे हवी तर मनातच म्हणावीत. 15 मिनिटे पुरतात. बहुतेकांचे चुकते ते वळणावर : थांबा सापडला की तो लांबवायची घाई होते, आणि लांबवला की पुढचा श्वास ओढून घ्यावा लागतो. असे झाले की द्वादशान्त सोडून फक्त नाकपुडीशी होणाऱ्या स्पर्शावर यावे.

वैशाखात उजाडण्याआधीच बसावे, नंतर उकाड्याने श्वास उथळ होतो. जेवणानंतर किमान दोन-तीन तास जाऊ द्यावेत, नाहीतर झोप येते. दिवसभर कापूस वेचून आल्यावर धुळीने नाक चोंदलेले असेल तर आधी गरम पाण्याची वाफ घ्यावी. तोंडाने श्वास घेत ही धारणा होत नाही, कारण नाकासमोरची ती वीतभर वाट तेव्हा जाणवतच नाही.