मदतीच्या ब्लँकेटचे चौकोन : विणीची निवड

गरजूंना द्यायच्या ब्लँकेटसाठी अनेक जण आपापल्या घरी ठरलेल्या मापाचे लोकरीचे चौकोन विणतात. ते एका ठिकाणी जमा होतात आणि तिथे कोणीतरी ते जोडून ब्लँकेट पुरे करते. अख्खे ब्लँकेट हातावेगळे करणे मोठे काम असते, एक चौकोन मात्र नवशिक्यालाही जमतो. अमेरिकेत एव्ही रोझेन यांनी १९९१ साली सुरू केलेला ‘वॉर्म अप अमेरिका’ हा उपक्रम असाच चालतो. तिथला तुकडा ७ × ९ इंचांचा आयत असतो आणि ४९ तुकड्यांचे एक ब्लँकेट होते. दक्षिण आफ्रिकेतील मुलांसाठी चालणाऱ्या ‘निट-अ-स्क्वेअर’चा चौकोन ८ इंचांचा, म्हणजे सुमारे २० सेंमीचा. असे ३५ चौकोन पाच-सातच्या मांडणीत लावले, की साधारण १०० × १४० सेंमीचे पांघरूण तयार होते.

आपल्या चौकोनाशेजारी कोणाचा, कोणत्या विणीचा चौकोन येणार हे विणणाऱ्याला माहीत नसते. म्हणून इथे वीण दिसते कशी, यापेक्षा ती सपाट पडते का, मापात बसते का आणि कडेने नीट जोडता येते का, हे आधी पाहावे लागते. ब्लँकेटला उलटी बाजूही असते, त्यामुळे दोन्हीकडून सारखी दिसणारी वीण केव्हाही उजवी.

सुयांवरच्या विणकामात या साऱ्या कसोट्यांवर सगळ्या ओळी सुलट विणायची गार्टर वीण पुरी उतरते. ती गुंडाळत नाही, जाड आणि उबदार होते. तिच्यात जितके टाके तितक्याच उठावाच्या रेघा झाल्या, की तुकडा जवळपास चौरस होतो. टेप सारखा लावावा लागत नाही. एक टाका सुलट, एक उलट असे आलटून-पालटून विणायची मॉस स्टिचही सपाट आणि दोन्हीकडून सारखी. एक ओळ सुलट, एक उलट ही नेहमीची साधी वीण मात्र कडांना वळते. ती घ्यायचीच असेल तर चारही बाजूंना गार्टरची पट्टी हवी. दोन सुलट-दोन उलटची वीण आणि वेण्या तुकडा आत ओढतात, त्यामुळे टाके जास्त घालावे लागतात. मोठ्या जाळीची वीण तान्ह्या बाळाच्या ब्लँकेटला टाळावी, कारण भोकांत बोटे अडकतात.

मापाचे गणित हातावर अवलंबून असते. ‘डबल निटिंग’ जाडीची लोकर आणि ४ मिमीच्या सुया घेतल्या तर एक ओळ सुलट, एक उलट अशा साध्या विणीत १० सेंमीला साधारण २२ टाके बसतात, म्हणजे २० सेंमीला ४४. पण कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल. यावर सर्वांत चांगला तोडगा कोपऱ्यापासून तिरप्या विणलेल्या चौकोनाचा आहे. दोन-तीन टाक्यांनी सुरुवात करून दर ओळीला एक टाका वाढवत जायचे, कड हव्या त्या लांबीची झाली की तसाच एकेक कमी करायचा. आधी टाके मोजून ठेवायची गरज उरत नाही. नव्याने शिकणाऱ्याला हाच नमुना द्यावा. तिरपा तुकडा थोडा जास्त ताणला जातो, पण चार बाजूंनी जोडला गेल्यावर तो ताण बराचसा आवरतो.

क्रोशात ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे खांबांच्या झुपक्यांचा जाळीदार चौकोन, सर्वांच्या ओळखीचा. (खांब म्हणजे सुईवर धाग्याचा एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका.) तो मधून बाहेर वाढतो, त्यामुळे माप आले की थांबता येते. चारही कडांना टाके सारखेच असल्याने जोडणाऱ्याचेही काम सोपे होते. त्याच्या खिडक्यांतून वारा लागतो म्हणून थंड प्रदेशासाठी भरीव खांबांचा चौकोन बरा. मुक्या खांबांचा, म्हणजे वेढा न घेता विणलेल्या आखूड टाक्यांचा, चौकोन आणखी दाट होतो, पण लोकर जास्त खातो आणि ताठ बसतो. वर उमललेली फुले शोभिवंत दिसतात, पण अंगाखाली टोचतात. नमुना ब्रिटिश आहे की अमेरिकन, तेही पाहून घ्यावे. अमेरिकन ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब, तर ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ म्हणजे मुका खांब. ही गल्लत झाली तर फेऱ्या बरोबर मोजूनही चौकोन भलत्याच मापाचा होतो.

धाग्याची निवडही विणीइतकीच महत्त्वाची. साधी लोकर गरम पाण्यात आटते, ॲक्रिलिक आटत नाही. दोन्ही एका ब्लँकेटमध्ये आले तर पहिल्याच धुण्यात ते सुरकुतते. म्हणून अनेक उपक्रम मशीनमध्ये धुता येईल असाच धागा मागतात. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नये, वीण कायमची लुळी पडते.

जोडणाऱ्याला सर्वाधिक त्रास घट्ट कडेचा होतो. टाके घालताना आणि बंद करताना एक नंबर मोठी सुई वापरली, की वरची-खालची कड बाजूंइतकीच लवचीक राहते. धाग्याची आतली टोके गाठ न मारता विणीत लपवावीत. शेवटचे टोक मात्र ३०-४० सेंमी लांब मोकळे सोडावे, त्यानेच तो चौकोन शेजारच्याला शिवता येतो.