आरोग्य-आणीबाणीचे कायदे, आफ्रिकेतील

साथीचा रोग किंवा तसेच मोठे आरोग्य-संकट ओढवल्यावर सरकारला एरवी नसलेले अधिकार देणारे कायदे. आफ्रिकेत या अधिकारांच्या दोन शाखा दिसतात. एक माणसांवर चालते: संचारबंदी, विलगीकरण, वस्ती हलवणे, घरझडती. दुसरी औषधांवर चालते: पेटंटधारकाची परवानगी नसतानाही स्वस्त औषध बनवणे किंवा बाहेरून आणणे. पहिली शाखा वसाहतकाळापासूनची आहे आणि ती वापरताना सरकारे फारशी कचरलेली नाहीत. दुसरी एड्सच्या साथीने घडवली. ती मिळवायला आणि मिळाल्यावर वापरायला मात्र बरीच वर्षे गेली.

वसाहतकाळातील कायद्यांचा एक धागा थेट मुंबईशी जुळतो. डिसेंबर १८९६ मध्ये ‘कूरलँड’ आणि ‘नादेरी’ ही जहाजे हिंदी उतारू घेऊन डर्बनला पोहोचली, कूरलँडवर मो. क. गांधीही होते. मुंबईत प्लेग असल्याच्या कारणावरून उतारूंना तीन आठवड्यांहून अधिक काळ जहाजांवरच अडकवून ठेवले गेले. खरे कारण किनाऱ्यावर हिंदी लोकांविरुद्ध सभा घेणाऱ्या गोऱ्या वसाहतवाल्यांचा संताप होता. पुढे १८९७ मध्ये नाताळ या, डर्बन जिच्यात होते त्या ब्रिटिश वसाहतीच्या विधिमंडळाने क्वारंटीनचा कायदा कडक केला. त्याच वर्षी स्थलांतरितांना रोखणारा आणि व्यापारी परवान्यांवर बंधने घालणारा असे आणखी दोन कायदे संमत झाले. हे तिन्ही एकाच धोरणाचे भाग होते. याच वर्षी मुंबई इलाख्यातील प्लेगसाठी भारतात साथरोग कायदा झाला आणि पुण्यात रँडच्या पथकांनी काय केले, ते मराठी वाचकाला सांगायला नको.

केप टाउनमध्ये १९०१ साली प्लेग आला तेव्हा सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याचा आधार घेऊन हजारो आफ्रिकी रहिवाशांना शहराबाहेर उइटव्लुख्ट येथे हलवण्यात आले. साथ ओसरली, पण माणसे परतली नाहीत. ती वस्ती ‘न्डाबेनी’ म्हणून कायम झाली. जोहान्सबर्गमध्ये १९०४ साली हिंदी वस्ती रिकामी करून जाळली गेली आणि रहिवासी शहरापासून दूर क्लिपस्प्रुटला नेले गेले. हा भाग पुढे सोवेटो या मोठ्या आफ्रिकी वस्तीत सामावला. वर्णभेदी शहररचनेचे पहिले आराखडे असे आरोग्य खात्याच्या कागदांवर उमटले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानंतर दक्षिण आफ्रिकेत १९१९ चा सार्वजनिक आरोग्य कायदा झाला आणि देशाला स्वतंत्र आरोग्य खाते मिळाले.

स्वातंत्र्यानंतरही अनेक देशांत जुनेच कायदे राहिले. सिएरा लिओनमध्ये २०१४ साली इबोला पसरला तेव्हा हाताशी १९६० चा आरोग्य अध्यादेश होता. जुलैअखेर आणीबाणी पुकारून काम चालवावे लागले. शेजारच्या लायबेरियात ऑगस्टमध्ये मन्रोव्हियाच्या ‘वेस्ट पॉइंट’ या दाट झोपडवस्तीला सैनिक-पोलिसांनी वेढा घातला. गोळीबारात एका किशोरवयीन मुलाचा जीव गेला आणि सुमारे दहा दिवसांनी वेढा उठवावा लागला.

औषधांच्या शाखेची कथा सुरू होते दक्षिण आफ्रिकेत. १९९७ मध्ये आरोग्यमंत्री न्कोसाझाना द्लामिनी-झुमा यांनी १९६५ च्या औषध कायद्यात दुरुस्ती आणली. तिच्यातील कलम १५-क ने मंत्र्यांना लोकांच्या आरोग्यरक्षणासाठी औषधे परवडण्याजोग्या दरात मिळवण्याचा अधिकार दिला. त्यात समांतर आयातही होती, म्हणजे पेटंटधारकाचेच औषध जिथे स्वस्त विकले जाते तिथून ते आणणे. पेटंट संपलेल्या औषधाऐवजी जेनेरिक देण्याची आणि औषधांचे दर पारदर्शक ठेवण्याची तरतूदही याच दुरुस्तीत होती. फेब्रुवारी १९९८ मध्ये औषध उत्पादकांची संघटना आणि बहुराष्ट्रीय कंपन्या प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात गेल्या. पहिले प्रतिवादी होते राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला. कज्जा तीन वर्षे रेंगाळला आणि तेवढा काळ कायदा कागदावरच राहिला. देशात तेव्हा चाळीस लाखांहून अधिक लोक एचआयव्हीबाधित होते.

या लढाईला कलाटणी देणारी एक गोष्ट मुंबईत घडली. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा एचआयव्ही-उपचार ‘सीमांविना डॉक्टर’ या संस्थेला रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. त्या वेळी पाश्चात्त्य बाजारात याच उपचाराला १० ते १५ हजार डॉलर पडत. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हते, केवळ बनवण्याच्या पद्धतीवर होते. त्यामुळेच हा दर शक्य झाला. दर इतका खाली येऊ शकतो हे कळल्यावर कंपन्यांना आपली बाजू लोकांपुढे मांडणे अवघड झाले. ५ मार्चला सुनावणी सुरू झाली. ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ या रुग्णांच्या संघटनेला न्यायालयाने बाजू मांडू दिली आणि १९ एप्रिल २००१ रोजी ३९ कंपन्यांनी दावा मागे घेतला. तरीही सरकार स्वतःच उपचार द्यायला तयार नव्हते. गरोदर मातांना नेव्हिरापीन (आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण टाळणारे औषध) द्या, हा आदेश त्याच संघटनेला जुलै २००२ मध्ये देशाच्या घटना न्यायालयाकडून मिळवावा लागला.

त्याआधी, नोव्हेंबर २००१ मध्ये, जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा जाहीरनाम्याने एक वाक्य पक्के केले होते: राष्ट्रीय आणीबाणी कशाला म्हणायचे हे प्रत्येक देशाने स्वतः ठरवावे, आणि एड्स, क्षय, मलेरिया यांसारखी संकटे त्यात बसू शकतात. आणीबाणी असली की सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याची सरकारी मुभा, देण्याआधी पेटंटधारकाशी वाटाघाटी कराव्या लागत नाहीत, म्हणून या शब्दाला इतके मोल. झिंबाब्वेने मे २००२ मध्ये एचआयव्हीसाठी सहा महिन्यांची आणीबाणी पुकारली आणि पुढे ती २००८ अखेरपर्यंत वाढवली. ही आणीबाणी निव्वळ पेटंट कायद्यापुरती होती. तिने कोणाला घरात कोंडले नाही. २००३ मध्ये हरारेच्या व्हॅरिकेम कंपनीला उत्पादनाचा परवाना मिळाला.

ज्या देशात कारखानाच नाही त्याने काय करायचे, हा प्रश्न उरला. २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत अशा देशांसाठी सवलत ठरली: दुसऱ्या देशात सक्तीच्या परवान्याने बनलेले औषध त्यांनी आयात करावे. जुलै २००७ मध्ये रवांडाने ती मागितली आणि कॅनडाच्या ॲपोटेक्सने बनवलेल्या गोळ्या २००८ आणि २००९ मध्ये, दोन खेपांत पोहोचल्या. अर्ज, परवाने, वेगळा रंग, वेगळे वेष्टन असा हा व्याप पाहता पुढे दशकभर या सवलतीखाली दुसऱ्या कोणत्याही देशाला खेप निघाली नाही, यात नवल नाही. केनियात अडचण वेगळीच होती. २००८ च्या बनावट मालविरोधी कायद्यातील व्याख्या इतकी सैल होती की कायदेशीर जेनेरिक औषधही ‘बनावट’ ठरू शकले असते. एप्रिल २०१२ मध्ये नैरोबीच्या उच्च न्यायालयाने रुग्णांच्या बाजूने निकाल दिला.

कोविडने पहिली शाखा पुन्हा पुढे आणली. मलावीत एप्रिल २०२० मध्ये लॉकडाउन सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच न्यायालयाने तो रोखला; हातावर पोट असलेल्यांची काहीच सोय केलेली नाही, हा मुख्य आक्षेप होता. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेत आणीबाणीला कडक लगाम आहेत: आधी २१ दिवस, मग संसदेच्या संमतीने वाढ, दुसऱ्या वाढीपासून ६० टक्के मते. वर्णभेदी राजवटीच्या आणीबाण्या भोगलेल्या देशाने हे लगाम जाणूनबुजून घातले होते. सरकारने ती वाट घेतलीच नाही. २००२ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली १५ मार्च २०२० रोजी ‘राष्ट्रीय आपत्ती-स्थिती’ जाहीर झाली. ती पहिल्या तीन महिन्यांनंतर दर महिन्याला मंत्र्याने राजपत्रातून वाढवायची असते आणि त्यासाठी संसदेचे मत लागत नाही. हे अधिकार ज्यांच्या हाती होते त्या सहकारी शासन खात्याच्या मंत्री म्हणजे १९९७ चा औषध कायदा आणणाऱ्या द्लामिनी-झुमाच. त्यांनी सिगारेट-विक्रीवर घातलेली बंदी जवळजवळ पाच महिने चालली. जून २०२२ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने ती बेकायदा असल्याचा निर्णय कायम केला. तोवर आपत्ती-स्थिती उठून दोन महिने झाले होते.