बातमीचं वय सांगणारं घड्याळ

लंडनच्या पश्चिमेला अक्सब्रिजमध्ये ७६ पायऱ्या उतरून साठ फूट खाली गेलो, तर मला आपली लिंबची बारामोटेची विहीर आठवली. एप्रिलच्या भर दुपारी तिच्या पायऱ्या उतरताना अंगाला लागतो, तसाच गारवा. माती-दगडातून उष्णता फार सावकाश झिरपते. इतक्या खोल दिवस-रात्र तर सोडाच, उन्हाळा-हिवाळाही जेमतेम पोचतो.

हे तळघर मात्र बॉम्बपासून वाचायला खोदलेलं. दुसऱ्या महायुद्धात लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं आकाश राखणाऱ्या, ब्रिटिश हवाई दलाच्या ११ नंबरच्या ग्रुपचं हे नियंत्रण केंद्र. आता तिथे संग्रहालय आहे. खोली १५ सप्टेंबर १९४० च्या सकाळी होती तशी मांडली आहे. मधोमध नकाशाचं भलंमोठं टेबल. हवाई दलातल्या मुली सारीपाट खेळावा तशा लांब काठ्यांनी त्यावर विमानांच्या जागा दाखवणाऱ्या सोंगट्या सरकवायच्या.

मी खिळलो तो भिंतीवरच्या घड्याळापाशी. तबकडीवर पाच-पाच मिनिटांचे त्रिकोण: लाल, पिवळा, निळा, पुन्हा लाल. विमानं दिसल्याची खबर आली त्या क्षणी मिनिटकाटा ज्या रंगावर, त्याच रंगाचा बाण टेबलावर ठेवायचा.

रडारच्या रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. १५० किलोमीटरवरच्या विमानाला आपटून त्या सेकंदाच्या हजाराव्या भागात परत येतात. तिथून पुढचा बातमीचा प्रवास मात्र माणसांच्या हाती होता. किनाऱ्यावरचं रडार समुद्राकडे बघायचं. विमानं जमिनीवर आली की दुर्बिणी घेतलेले निरीक्षक डोळ्यांनी, कानांनी माग काढायचे. मग फोन, पडताळणी, पुन्हा फोन. यात मिनिटं जायची, आणि ताशी ४०० किलोमीटरनं जाणारं विमान पाच मिनिटांत साताऱ्याहून थेट उंब्रज गाठेल! टेबलावर बाण दिसतो तिथून ते केव्हाच पुढे गेलेलं. बातमी ताजी की शिळी, हे रंगावरून एका नजरेत कळायचं. इतका साधा उपाय, पण मला तो रडारइतकाच मोलाचा वाटतो.

साताऱ्यात परतल्यावर सातवीच्या वर्गात पुठ्ठ्याचं तसंच घड्याळ केलं. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, पंधरा मिनिटांनी परत लालच येणार की! मग जुना लाल कुठला, नवा कुठला?"

नेमका प्रश्न. लाल पुन्हा यायच्या आत जुने लाल बाण टेबलावरून उचलले जायचे. दुसऱ्या दिवशी खेळ मांडला तेव्हा तिनं तेच काम मागून घेतलं, आणि तासभर काठी हातातून सोडली नाही.